मॉरिशसला राहायला येताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीमुळे, लग्नामुळे किंवा कुठूनही करता येणारं काम हाताशी आहे म्हणून मॉरिशसला यायचं ठरवलेली मराठी कुटुंबं जे प्रश्न सतत विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आम्ही कात्र बोर्नला राहतो, त्यामुळे उत्तरांचा कल पठारावरच्या गावांकडे दिसेल, आणि तो मुद्दामच आहे. सहलीला येणारा माणूस समुद्र बघून जातो. राहायला येणाऱ्याने आधी पाऊस, पाणी, बस आणि शेजार बघावा, असं माझं ठाम मत आहे.

मॉरिशस नेमकं कुठे आहे? केवढं आहे?

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला, विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण २० अंशांवर. मुख्य बेट उत्तर-दक्षिण सुमारे ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ४५ किलोमीटर. लोकसंख्या बारा लाखांच्या थोडी वर. मुंबईहून थेट विमान सहा-सात तासांत पोचतं. घड्याळ भारताच्या दीड तास मागे असतं, म्हणजे इथे सकाळचे आठ वाजले की पुण्यात साडेनऊ. आईवडिलांना रोज फोन करणाऱ्यांना हे अंतर फार सोयीचं पडतं.

व्हिसाचं काय?

भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून येताना आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि पुरेसे पैसे मात्र दाखवावे लागतात. पर्यटक म्हणून इथे नोकरी करता येत नाही.

उत्पन्न मॉरिशसबाहेरून येत असेल, तर २०२० मध्ये सुरू झालेला प्रीमियम व्हिसा बघा. तो एक वर्षापर्यंत मिळतो आणि पुढे वाढवता येतो. इथल्या कंपनीत नोकरी, स्वतःचा व्यवसाय किंवा गुंतवणूक असेल, तर ऑक्युपेशन परमिट लागतं, आणि त्याचा अर्ज इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाकडे जातो. पगाराच्या आणि गुंतवणुकीच्या अटी अर्थसंकल्पात बदलत राहतात आणि अर्थसंकल्प बहुधा जूनमध्ये येतो. म्हणून ओळखीच्या माणसाने दोन वर्षांपूर्वी काय केलं यावर विसंबू नका. अर्ज करायच्या आठवड्यात बोर्डाची माहिती स्वतः वाचा. जोडीदारालाही काम करायचं असेल, तर त्याच्या परवानगीची चौकशी घरभाड्याच्या करारावर सही करण्याआधी करा.

राहायला किनारा बरा की पठार?

या एका निर्णयावर पुढचं बरंच काही ठरतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

बेटाच्या मध्यभागी पठार आहे. क्युरपिप, वाक्वा, फिनिक्स, कात्र बोर्न आणि रोझ हिल ही गावं उतरत्या क्रमाने त्यावर आणि त्याच्या उतारावर वसली आहेत. वर्षभर आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे या उंच भागावर ढग आणून सोडतात. क्युरपिप साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. तिथे धुकं, रिमझिम आणि जुलै-ऑगस्टमध्ये स्वेटर हे ठरलेलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक आँ फ्लाक आणि तामारँकडे मात्र त्याच दिवशी लख्ख ऊन असतं, कारण डोंगर ओलांडेपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. सह्याद्रीच्या दोन बाजू पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

किनाऱ्यावर समुद्र पायाशी असतो, पण भाडं जास्त, उन्हाळा चिकट, आणि खाऱ्या हवेने लोखंड, फ्रिज, पंखे सगळं लवकर गंजतं. ग्राँ बेसारख्या ठिकाणी आजूबाजूला सुट्टीवर आलेले लोकच जास्त असतात आणि दर आठवड्याला शेजार बदलतो. पठारावर शाळा, बाजार, दवाखाने आणि कार्यालयं जवळ. एबेनच्या सायबरसिटीत काम असेल, तर रोझ हिल किंवा कात्र बोर्नहून रोजचं जाणं-येणं सोपं पडतं. पोर्ट लुईपासून क्युरपिपपर्यंत मेट्रो धावते. ती लार्सन अँड टुब्रोने बांधली आणि २०२२ मध्ये क्युरपिपपर्यंत पोचली.

पहिलं वर्ष पठारावर काढा, असं मी प्रत्येकाला सांगते. समुद्र कुठूनही तासाभराच्या आत आहे, तो कुठे जात नाही.

घर बघताना काय तपासू?

पहिली गोष्ट म्हणजे दिशा. आपण दक्षिण गोलार्धात आलो आहोत, त्यामुळे इथे हिवाळ्यात सूर्य उत्तरेकडून कलतो. भारतात दक्षिणेच्या खिडकीतून जे ऊन येतं, ते इथे उत्तरेच्या खिडकीतून येतं. क्युरपिप-वाक्वाकडे घर घेत असाल आणि झोपायच्या खोल्या दक्षिणेला असतील, तर कपाटातले कपडे आणि चपला बुरशीने भरतात. पावसाळी दुपारी घर बघायला जा आणि कपाट उघडून वास घ्या.

दुसरी गोष्ट पाण्याची टाकी. ऑक्टोबर ते डिसेंबर या कोरड्या महिन्यांत धरणांतला साठा खाली गेला की पाणी ठरावीक वेळेलाच येतं. छतावर टाकी आणि खाली पंप आहे का, हे विचारा. तिसरी गोष्ट, भिंती आणि छत काँक्रीटचं आहे का. चौथी, विजेचे सॉकेट. इथे २३० व्होल्ट आहे, पण पिना ब्रिटिश चौकोनी किंवा युरोपीय गोल असतात. आपला मिक्सर चालतो, त्याची पिन बदलावी लागते.

चक्रीवादळाची किती भीती बाळगायची?

भीती नको, शिस्त हवी. नोव्हेंबर ते एप्रिल-मे हा वादळांचा काळ. बरीचशी वादळं बेटाच्या आजूबाजूने निघून जातात. पण १९६० सालच्या कॅरोल वादळाने इथली लाकडी-पत्र्याची घरं हजारोंनी पाडली, आणि त्यानंतर या देशाने काँक्रीटची घरं बांधायला घेतली. आज गावोगाव दिसणारी सपाट छतांची चौकोनी घरं ही त्या वादळाची आठवण आहे. अलीकडचं उदाहरण जानेवारी २०२४ मधल्या बेलालचं. त्यात वाऱ्यापेक्षा पाण्याने जास्त घात केला आणि पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या.

वाक्वाचं हवामान खातं इशारे श्रेणींमध्ये देतं. पहिल्या श्रेणीला तयारी सुरू करायची, तिसरीला घरात थांबायचं. ताशी १२० किलोमीटरचे झोत नोंदले गेले की चौथी लागते. डिसेंबर लागायच्या आत घरात पिण्याचं पाणी, टॉर्च, बॅटरीवरचा रेडिओ, गॅसचा भरलेला सिलिंडर, कोरडा शिधा आणि औषधं असू द्या. गच्चीवरची कुंडी, खुर्ची, वाळत घालायचा स्टँड आत घ्या, कारण वाऱ्यात ते दुसऱ्याच्या खिडकीत जातात. वादळाचा डोळा बेटावरून जात असेल, तर मध्येच सगळं शांत होतं. त्या शांततेत बाहेर पडू नका, कारण थोड्याच वेळात वारा उलट दिशेने परत येतो.

इथे कोणती भाषा बोलायची?

कार्यालयात आणि कागदपत्रांत इंग्रजी, वर्तमानपत्रांत फ्रेंच, आणि घरात, बसमध्ये, बाजारात क्रियोल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली इथली बोली. इंग्रजीवर कामं होतात, पण माणसं क्रियोलने जवळ येतात. सुरुवातीला 'बोंझूर', 'मेर्सी' आणि 'कि मान्येर?' (कसं काय?) एवढं पुरे. दुकानात शिरताना 'बोंझूर' म्हटलं नाही, तर ते उद्धट समजलं जातं. हे मुलांनाही शिकवा. खेड्यांत वयस्कर लोकांकडून भोजपुरी ऐकू येते. हिंदी समजणाऱ्याला ती बऱ्यापैकी कळते.

मराठी माणसं भेटतील का?

भेटतील, आणि ही भेट जपून करावी अशी आहे.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ॲटलस जहाजातून करारावरच्या भारतीय मजुरांची पहिली मानली जाणारी तुकडी उतरली. तो दिवस आज इथे सार्वजनिक सुट्टीचा आहे, आणि असे मजूर जिथे उतरत तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. पुढच्या दशकांत मुंबई बंदरातून रत्नागिरी, सातारा आणि आसपासच्या मुलखातली माणसं करारावर उसाच्या मळ्यांत आली. त्यांचे वंशज आज लोकसंख्येच्या दोनेक टक्के आहेत. वाक्वा, हेनरिएटा, कास्कावेल या भागांत त्यांची वस्ती जास्त. सरकारी शाळांत मराठी हा विषय निवडता येतो, आणि मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत वरपर्यंत शिकताही येतो. मोक्यातल्या महाराष्ट्र भवनात २०२३ मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. कोकणातली जाखडी इथे झाकरी नावाने नाचली जाते.

गणेशोत्सवाची राष्ट्रीय सुट्टी असते. बहुतेक घरी दुसऱ्या दिवशी विसर्जन होतं, आणि नदीकाठी किंवा समुद्रावर निघालेल्या मिरवणुकीत शेजारपाजारचे तमिळ, तेलुगू, क्रियोल समाजातले सगळे असतात. तुम्ही आमंत्रणाची वाट बघू नका. जवळच्या मराठी मंडळीच्या सभागृहात जाऊन सांगा, आम्ही नवीन आलो आहोत. आरतीला उभं राहिलं की ओळख होते.

एक विनंती मनापासून करते. या लोकांची घरातली भाषा पिढ्यान्‌पिढ्या क्रियोल आहे. त्यांच्या मराठीला हसू नका, चुका काढू नका. भारताशी पत्रव्यवहारही दुर्मीळ होता अशा काळात त्यांनी आरत्या, अभंग आणि सण टिकवले. मुंबई-पुण्याहून आलेल्या आपल्यासारख्यांनी त्यांच्याकडून शिकायला यावं.

स्वयंपाकाचं कसं जमतं?

छान जमतं. बाजारात भेंडी 'लालो' म्हणून, दोडका 'पिपांगाय' म्हणून, कारलं 'मार्गोझ' म्हणून आणि शेवग्याचा पाला 'ब्रेद मुरुम' म्हणून मिळतो. अळूची पानंही मिळतात, त्यामुळे फदफदं आणि वड्या चुकत नाहीत. कात्र बोर्नच्या बाजारात बुधवारी आणि शनिवारी भाजी असते, गुरुवारी आणि रविवारी कपडे. फ्लाकचा रविवारचा आणि माएबुरचा सोमवारचा बाजार एकदा तरी बघावा.

डाळ, तांदूळ, पीठ, मसाले भारतीय दुकानांत मिळतात. कोकम, गोडा मसाला आणि मेतकूट येताना आणा. बिया, रोपं आणि ताजी फळं मात्र परवान्याशिवाय आणू नका, विमानतळावर काढून घेतात. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१६ पासून बंदी आहे, कापडी पिशवी जवळ ठेवा.

बाहेर खायचं तर आधी ढोल पुरी खा. वाटलेली डाळ भरलेली मऊ पोळी, जोडीने देतात, आत पावट्यासारख्या दाण्यांची रसभाजी, टोमॅटोचा रुगाय (मसालेदार रस्सा) आणि मिरची. शाकाहारी माणसाची या बेटावर उपासमार होत नाही.

मुलांची शाळा?

सरकारी आणि बहुतेक अनुदानित शाळांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि नोव्हेंबरच्या आसपास संपतं. शिक्षण इंग्रजीतून, शेवटच्या परीक्षा केंब्रिजच्या. फ्रेंच शाळांचं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरपासून. भारतातून मार्चमध्ये परीक्षा देऊन आलेलं मूल मधल्या सत्रात येऊन पडतं, म्हणून शाळेशी बोलणं स्थलांतराच्या बरंच आधी सुरू करा. फ्रेंच सगळ्यांना शिकावीच लागते. निघण्यापूर्वी चार-सहा महिने फ्रेंचची शिकवणी लावली, तर पहिल्या सत्रातलं मुलाचं रडणं वाचतं.

पैशांचे व्यवहार?

चलन मॉरिशसचा रुपया. बँकेचं खातं उघडलं की मोबाइल ॲपने जवळपास सगळं चालतं, बाजारात आणि ढोल पुरीच्या गाडीवर रोख लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूपीआय आणि रुपे इथे सुरू झालं, पण सगळ्या दुकानांत ते चालेल असं धरून चालू नका. भारतातली बचत खाती अनिवासी झाल्यावर एनआरओ (अनिवासींसाठीचं रुपयातलं खातं) करून घ्यावी लागतात. हे काम निघण्याआधी शाखेत जाऊन उरका. बाहेरून येणाऱ्या वस्तू महाग पडतात. इथे पिकणारं खा, घर स्वस्तात चालतं.

गाडी लागेलच का?

मेट्रोजवळ राहत असाल तर पहिले काही महिने लागत नाही. बस सगळीकडे जाते, पण संध्याकाळ सरली की विरळ होते, खेड्यांकडे तर फारच लवकर. जपानहून आलेल्या जुन्या गाड्या इथे सर्रास विकत घेतात. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून. जून ते डिसेंबर ऊसतोडणीचे ट्रक रस्त्यावर असतात, आणि तोडणीआधी उंच उसामुळे चौकात समोरचं दिसत नाही. तिथे थांबून, बघून मग पुढे व्हा.

तब्येत, डास, औषधं?

मलेरियाचं उच्चाटन इथे १९७३ मध्येच झालं. डेंगी आणि चिकनगुनिया मात्र पावसाळी महिन्यांत डोकं वर काढतात, त्यामुळे कुंडीखालच्या ताटल्या आणि टाकीची झाकणं बघत राहा. सरकारी रुग्णालयं आहेत, खासगीही चांगली आहेत आणि महाग आहेत. विमा घेऊनच या. झोपेच्या, मनोविकाराच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणू नका. अमली पदार्थांबाबत इथला कायदा फार कडक आहे.

समुद्रात उतरणं सुरक्षित आहे का?

बेटाभोवती बऱ्याच भागांत प्रवाळाची भिंत आहे. तिच्या आतलं उथळ पाणी शांत असतं आणि मुलांना तिथे मनसोक्त डुंबता येतं. जिथे भिंत तुटते, तिथे मात्र ओढ जबरदस्त असते. दक्षिणेच्या ग्री ग्रीला तर भिंतच नाही. तिथे लाटा बघायच्या, पाण्यात जायचं नाही. पायात रबरी बूट घाला, कारण तळाशी समुद्री साळू असतात आणि दगडमासा दगडासारखाच दिसतो. त्याचा काटा फार विषारी असतो.

आणि प्रवाळावर उभं राहू नका. जुलै २०२० मध्ये वाकाशियो नावाचं जहाज पॉइंट देस्नीजवळच्या खडकावर चढलं आणि पुढे त्यातून सुमारे हजार टन तेल सांडलं. तेव्हा इथल्या माणसांनी उसाचं पाचट कापडात भरून, आपले केससुद्धा कापून देऊन तेल अडवायचे तराफे बनवले. या लोकांना आपला समुद्र किती प्रिय आहे, हे लक्षात ठेवूनच पाण्यात पाय टाकावा.

एकटं वाटतं का? बेट लहान पडतं का?

हो, वाटतं. विशेषतः पहिल्या हिवाळ्यात, पठारावर सलग पाऊस लागला की. जो जोडीदार नोकरीशिवाय घरी असतो, त्याला हे जास्त जाणवतं, आणि घरातल्यांनी त्याची दखल घ्यायला हवी. यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसतो: दर आठवड्याला ठरलेल्या वेळी ठरलेल्या माणसांत जाणं. क्रियोलचा वर्ग, भजनाचा गट, डोंगर चढणारी टोळी, काहीही. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात पायवाटा आहेत, आणि बेटाचं सर्वांत उंच शिखर, ८२८ मीटरचं, तिथूनच चढता येतं. त्याच रानात मॉरिशसचा खरुची पक्षी दिसतो. १९७४ मध्ये निसर्गात त्याचे चारच पक्षी उरले होते. माणसांनी ध्यास घेऊन ती जात वाचवली.

पुढचे प्रवास कुठून सुरू करावे?

रॉड्रिग्जपासून. देश तोच, चलन तेच, विमानाने दीड तास. पूर्वेला सुमारे ६०० किलोमीटरवरचं हे १०८ चौरस किलोमीटरचं बेट मॉरिशसच्या गर्दीला कंटाळलेल्या माणसाला पुन्हा माणसांत आणतं. ओहोटीला बायका भाले घेऊन खडकांवर ऑक्टोपस धरायला चालत जातात. बाजारात मध, राजमा आणि लिंबू-मिरचीचं लोणचं मिळतं. तिथे गोड्या पाण्याची टंचाई असते, नळ जपून वापरा. जायचं तर मे ते नोव्हेंबर.

रियुनियनला भारतीय पासपोर्टवर जाता येतं का?

जाता येतं, पण तयारीनिशी. विमानाने पाऊण तास, तरी तिथे पाऊल ठेवलं की तुम्ही फ्रान्समध्ये असता आणि युरो मोजता. रियुनियन शेंगेन क्षेत्रात, म्हणजे युरोपीय देशांच्या सामाईक व्हिसा क्षेत्रात, मात्र नाही. त्यामुळे हातात शेंगेन व्हिसा आहे म्हणून प्रवेश मिळेल असं समजू नका. त्या बेटासाठी काय लागतं, हे तिकिटाआधी विचारून घ्या. खटाटोप सार्थकी लागतो. पिटों द ला फुर्नेज हा जगातल्या फार जागत्या ज्वालामुखींपैकी एक आहे, आणि माफातच्या दरीत गाडीरस्ताच नाही, तिथली गावं पायी किंवा हेलिकॉप्टरनेच गाठता येतात. सह्याद्रीत भटकलेल्यांनी इथे जावंच.

मादागास्कर, सेशेल्स, केनिया?

मादागास्करला कोरड्या दिवसांत, एप्रिल ते ऑक्टोबर. नकाशावर जवळ दिसणारी गावं खराब रस्त्यांमुळे दिवसभराची होतात, म्हणून थोडं बघा, निवांत बघा. सेशेल्स चक्रीवादळांच्या पट्ट्याच्या बहुतांशी बाहेर आहे. तिथल्या प्रालँ बेटावरचं व्हाले द मे हे जोडनारळांचं रान १९८३ पासून जागतिक वारसा आहे.

केनियाला जाताना पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि प्रमाणपत्र पासपोर्टसोबत ठेवा. मॉरिशसला परतताना ते मागतात. केनियातून परस्पर भारतात गेलात, तर तिथेही मागतात, आणि नसेल तर विलगीकरणात ठेवतात.

भारतात कधी जावं?

डिसेंबर-जानेवारीत शाळांना सुट्टी असते, पण युरोपातून येणाऱ्या पर्यटकांमुळे विमानं भरलेली आणि तिकिटं महाग. ही तिकिटं फार आधी काढावी लागतात. शाळकरी मुलं नसतील तर मे महिना निवडा. इथे आंबा आणि लिची नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतात, कोकणातला हापूस मेमध्ये, म्हणजे वर्षात दोन मोसम मिळतात. मुलं असतील तर जुलै-ऑगस्टची मधली सुट्टी बघा. त्या वेळी आषाढ-श्रावण असतो, गावचा पाऊस मुलांना दाखवता येतो.

पासपोर्ट संपत आला तर?

नूतनीकरण पोर्ट लुईतल्या भारतीय उच्चायुक्तालयामार्फत होतं. सहा महिन्यांहून कमी मुदत उरली असेल तर वरचा कोणताही बेत आखू नका, आधी अर्ज करा. नवीन पासपोर्ट आला की राहण्याच्या परवान्यावरची नोंद बदलून घ्या, आणि ती होईपर्यंत प्रवासात जुना पासपोर्टही सोबत ठेवा.